आईचे गुडघे आणि नवेगावचा तलाव

मंडळी, पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तेव्हाच वाचा. पण घरात कुणी गुडघ्यांचं, दम्याचं, बायपास झालेलं माणूस असेल आणि ते "आता आमचं कुठं फिरणं" असं म्हणत असेल, तर मात्र शेवटपर्यंत वाचा.

पंधरा दिवसांपूर्वी एक फोटो टाकला होता. आई तलावाच्या पाळीवर खुर्ची टाकून बसलेली, अंगावर शाल, हातात दुर्बीण. अनेकांनी फोन करून विचारलं, काकूंना कुठं नेलं होतं? नवेगावबांध म्हटल्यावर एक मित्र म्हणाला, "नवेगावात काय ठेवलंय भाऊ? वाघ तर दिसत नाही. न्यायचंच होतं तर ताडोब्याला न्यायचं." त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देतो.

आधी मागची एक गोष्ट सांगावी लागेल.

तीन वर्षांपूर्वी मी आईला असंच "जंगल दाखवायला" नेलं होतं. कुठल्या व्याघ्र प्रकल्पात ते सांगत नाही, कारण जे झालं ते थोड्याफार फरकाने कुठंही होतं. पहाटे साडेपाचला गेटवर रांग. थंडी. जिप्सी आली, तर तिला चढायला पायरी नाही. चाकावर पाय ठेवायचा, दांडा धरायचा आणि अंग वर ओढायचं. तुम्हा-आम्हाला दोन सेकंदांचं काम. आईचं वय तेव्हा एकोणसत्तर, दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली. दोन पोरांनी दोन्ही काखांत हात घालून तिला उचललं आणि वर ठेवलं. त्या पोरांनी चांगल्या मनानेच केलं. पण रांगेतले लोक बघत होते, आणि आईने डोळे मिटून घेतले होते ते मला अजून आठवतं.

पुढचे चार तास ती पाण्याचा घोट प्यायली नाही. का, ते मला घरी आल्यावर बायकोने सांगितलं. मध्ये उतरता येत नाही, मग लघवीचं काय, म्हणून. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. कुठूनतरी खबर आली की ड्रायव्हर गाडी पळवायचा, प्रत्येक खड्ड्यात आईचा हात दांड्यावर आवळायचा. शेवटी वाघ दिसला. म्हणजे पंधरा-वीस गाड्यांच्या पलीकडे बांबूत पिवळं काहीतरी हललं. सगळे उभे राहिले. आई बसूनच होती, तिला पुढच्याची पाठ दिसली.

परत येताना म्हणाली, "झालं ना तुझं समाधान? आता मले घरी ने."

त्यानंतर आईने फिरणं बंदच केलं. भाच्याचं लग्न रायपूरला होतं, गेली नाही. दरवर्षीची प्रतापगडची जत्रा सोडली. गल्लीतल्या हळदीकुंकवालाही "गुडघे दुखते" हेच उत्तर. डॉक्टर सांगायचे, थोडं चालत राहा, माणसांत राहा. ती दारातल्या खुर्चीवरून हलेना. गुडघे आधीही दुखत होते. पण आपल्याला उचलून ठेवावं लागतं, आपण लोकांच्या खोळंब्याचं कारण होतो, हे तिच्या मनात त्या पहाटे बसलं. त्यात माझा वाटा होता, आणि हे मान्य करायला मला तीन वर्षं लागली.

यंदा जानेवारीत पोरीला शाळेची तीन दिवस सुट्टी होती. मी पुन्हा सफारीचं बुकिंग बघत बसलो होतो. बायको म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही आईंना वाघ दाखवायला नेलं. त्यांना काय पाहायचंय ते विचारलं होतं का?"

विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं.

आई आधी म्हणाली, "मी का आता डोंगर चढतो?" मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, "पाणी पाह्याचं हाय. भरलेला तलाव पाह्याचा हाय."

आपल्या भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. तिच्या माहेरी मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. लहानपणी ती त्या तलावावर कपडे धुवायची, शिंगाडे काढायची. आता अर्ध्या तलावात गाळ आणि उरलेल्या अर्ध्यात बेशरमची झाडं. माहेरचा तलाव तिला दाखवण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून नवेगाव.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी माहिती देतो. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. ताडोबा, पेंच, गुगामल, नवेगाव, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. यातली पहिली चार आपल्या विदर्भात. ताडोबा सगळ्यात जुनं, १९५५ चं. नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर. पुढे २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा आणि आजूबाजूचं जंगल मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २०२३ मध्ये चंद्रपूरकडच्या वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, त्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. मीही लिहिल्या.

पण नवेगावची खरी ओळख तलावाची. हा तलाव निसर्गाने केलेला नाही, माणसांनी बांधलेला आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. भोवती डोंगर, त्यांना लोक सात बहिणी म्हणतात. डोंगरांच्या मधली फट नेमकी हेरून तिथं पाळ घातली आणि पावसाचं पाणी अडवलं. कोहळी समाज म्हणजे तलाव बांधणारा समाज. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळायची, अशी रीत होती. त्यातून भंडारा-गोंदियाचा हा सगळा तलावांचा मुलूख उभा राहिला. धान आणि ऊस त्या पाण्यावर पिकला. पाखरं नंतर आली, आणि राष्ट्रीय उद्यानाचा बोर्ड तर अडीचशे वर्षांनी लागला.

मारुती चितमपल्ली इथंच वनाधिकारी होते. त्यांचं 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. जून २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा मी श्रद्धांजलीचा मजकूर लिहिला. लिहिताना लाज वाटली होती. वीस वर्षं या जिल्ह्यात पत्रकारी करतोय, नवेगावला बैठकींना गेलो, दौऱ्यांना गेलो, आंदोलनाला गेलो. पण तलावाकाठी एक संध्याकाळ नुसता बसलो, असं एकदाही झालं नव्हतं.

तर आम्ही निघालो. सोबत आईची औषधं, शाल, गरम पाण्याची पिशवी, घरातली एक प्लास्टिकची खुर्ची आणि न्हाणीघरातला स्टूल. बायकोने स्टूल डिकीत टाकला तेव्हा मी हसलो होतो. अख्ख्या सहलीत सगळ्यात उपयोगी पडला तो स्टूलच.

कोहमाऱ्याला चहा घेतला आणि नवेगावच्या रस्त्याला लागलो. राहायची खोली साधी होती. पण तळमजल्यावर, संडास कमोडचा, आणि दारापर्यंत गाडी जाणारी. बुकिंग करताना मी एवढ्या तीनच गोष्टी विचारल्या होत्या. टीव्ही आहे का, वायफाय आहे का, हे विचारलंच नाही.

संध्याकाळी चारला पाळीजवळ गाडी थांबवली. आई काठी टेकत उतरली. वीस-पंचवीस पावलं असतील, मध्ये एकदा थांबली. मी खुर्ची टाकली. ती बसली आणि समोर बघत राहिली. पाच मिनिटं काही बोललीच नाही. मला वाटलं, पुन्हा चुकलं का काय?

मग म्हणाली, "तुडूम कोठी हाय याचं?"

तुडूम म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडायची जागा. माझ्या पोरीने हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. मग आईची जी गाडी सुरू झाली! पाळ कशी राखायची, तिच्यावर झाडं का ठेवायची, सलंगावरून पाणी गेलं की गावात पोरं कशी मासे धरायला पळायची, पाटाच्या पाण्यावरून कोणाची कोणाशी भांडणं व्हायची. तिचे वडील पाणी वाटणाऱ्या माणसाला काय द्यायचे, तेही निघालं. मी कृषी पुरवणीसाठी सिंचनावर कितीतरी लिहिलं असेल. त्यातलं निम्मं मला त्या एका तासात पुन्हा शिकावं लागलं.

सूर्य डोंगरामागे गेला तसा पाखरांचा गलका वाढला. अडईचे थवे शीळ घालत आले. पाणकावळे वाळक्या झाडावर पंख पसरून बसले होते. पोरीच्या हातात दुर्बीण होती, ती एकेक दाखवत होती. आई म्हणाली, "मले काचेतून काई दिसत नाई." मग पोरीने दुर्बिणीचं चाक फिरवून तिच्या डोळ्यांना जुळवून दिलं. अचानक आई ओरडली, "अगं बाई, हा तं पानावर चालते!"

कमळपक्षी होता. लांबच लांब बोटं, त्यामुळे वजन पसरतं आणि तो कमळाच्या पानावरून न बुडता चालत जातो. जवळच एक नाववाला बसला होता. त्याने सांगितलं, यांच्यात अंडी उबवायचं, पिलं सांभाळायचं काम नराचं. आई बायकोकडे बघून म्हणाली, "पाह्य, पाखराले समजते." माझ्याकडे दोघींनीही बघितलं नाही, पण रोख माझ्यावरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की पाणी दिसेना. तरुणपणी असतो तर वैतागलो असतो. आम्ही चहा घेऊन गाडीतच बसलो, काचा खाली करून. धुक्यात दिसत नव्हतं पण ऐकू येत होतं. वल्ह्याचा आवाज, मग जाळं टाकल्याचा आवाज, मग एखादी ओळखीची हाक. आठच्या सुमारास धुकं वर उचललं आणि त्याखालून ढिवरांचे डोंगे दिसायला लागले. ते माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. त्यासाठी अर्धा किलोमीटरही चालावं लागलं नाही.

त्या दिवशी नाव केली. नावेत चढायला तोच स्टूल. नाववाल्याला आधीच सांगितलं, फेरी लांब नको, मध्ये नेऊन थांबव. त्याने वल्हं वर घेतलं आणि पंधरा मिनिटं आम्ही नुसते पाण्यावर होतो. लांब तलवार बदकांचा एक थवा होता, शेपटीची टोकदार काडी असलेला. ही उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यापुरती येतात, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी रायपूरले गेलो नाही."

मी काही बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती.

दुपारी जेवून सगळे झोपलो. हो, जंगलात जाऊन झोपलो! सहल म्हणजे पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत धावपळ, हे कोणी ठरवलंय कोणास ठाऊक. म्हाताऱ्या माणसाला दुपारी दोन तास पाठ टेकू दिली की संध्याकाळी ते तुमच्याइतकंच ताजं असतं.

तिसऱ्या दिवशी गाडीनेच भटकलो. ईटियाडोहचं धरण पाहिलं. तिथून गोठणगावजवळची तिबेटी वसाहत, नॉर्ग्येलिंग. १९७२ पासून ती माणसं आपल्या शेजारी राहतात. हिवाळ्यात अनेक घरांना कुलूप, कारण माणसं शहराशहरांत स्वेटर विकायला गेलेली. गोम्पाच्या बाहेर बसलेल्या एका म्हातारीशी आई बराच वेळ बोलली. एक झाडीबोलीत, दुसरी मोडक्या हिंदीत. विषय गुडघे. दोघींनी आपापली तेलं सांगितली.

प्रतापगडच्या पायथ्याशी गाडी थांबवली. वर महादेव, आणि इथंच ख्वाजा उस्मान हारूनींचा दर्गा. महाशिवरात्रीला इथं केवढी गर्दी असते तुम्हाला माहीत आहे. आईने खालूनच हात जोडले. म्हणाली, "देवाले खालूनही दिसते." जत्रा सोडल्याची जी खंत होती ती जरा कमी झाली असावी.

वाघ? नाही दिसला. आम्ही एक सफारीही केली, दुपारची. ड्रायव्हरला आणि गाईडला आधीच सांगितलं की आम्हाला वाघाच्या मागे पळायचं नाही. गाडी हळू घ्या, एखाद्या पाणवठ्यावर इंजिन बंद करून अर्धा तास थांबा. गाईड पोरगा जवळच्याच गावचा. आधी तो चक्रावला, मग खुलला. म्हणाला, "साहेब, असे पर्यटक भेटत नाही. सगळे पहिल्या मिनिटाला विचारतात, आज सायटिंग होईल का?" त्या अर्ध्या तासात चितळांचा कळप पाण्यावर आला, एक मोर आला, आणि माकडांची दोन पिलं एकमेकांच्या शेपट्या ओढत बसली होती. आईने त्या गाईडला वाटेतलं एक झाड दाखवून त्याची साल कशाला लावतात ते सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं. त्याने वहीत लिहून घेतलं.

आता मुद्द्यावर येतो, कारण नुसतं प्रवासवर्णन लिहायला मी ही पोस्ट टाकलेली नाही.

आपल्या भागातल्या माणसाचं जंगलाशी नातं काय आहे? कामाचं आणि भीतीचं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि त्याच दिवसांत मी लिहिलेल्या बातम्या. मोहफूल वेचायला गेलेली बाई परत आली नाही, अशा. त्या बातम्या लिहिताना हात थांबतो. राष्ट्रीय उद्यान झालं की तिथं चराई बंद, वेचणं बंद. कायदा आहे, त्यामागे कारणंही आहेत. काही गावं उठली, ती माणसं आपल्यातच राहतात. म्हणजे जंगल राखायची किंमत इथल्या माणसाने मोजली. पण जंगलाचा आनंद घ्यायचा म्हटलं की ते काम पुण्या-मुंबईच्या, मोठा कॅमेरा असलेल्या, खिशात पैसा आणि गुडघ्यांत जोर असलेल्या माणसाचं. आई लहानपणी रोज जंगलात जायची. तिला जंगल पाहायला तिकीट काढावं लागतं याचं हसू येतं. आणि तिकीट काढूनही तिला गाडीत चढता येत नाही, याचं हसू येत नाही.

यात आम्हा पत्रकारांचाही दोष आहे. 'वाघाचे दर्शन, पर्यटक सुखावले' हा मथळा मी स्वतः कितीदा दिलाय. 'तलावाकाठी बसून आजीबाई सुखावल्या' असा मथळा कोणी देत नाही. मग उद्यानाचा विकास म्हटलं की बैठकीत विषय निघतात ते गाड्या वाढवा, गेट वाढवा, काहीतरी साहसी खेळ आणा. बसायला टेकू असलेला बाक हा विषय कोणाच्या तोंडी येत नाही. मीही कधी विचारला नव्हता.

माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्या कुठल्या एका उद्यानासाठी नाहीत, सगळ्यांसाठी आहेत.

एक, प्रत्येक सफारी गेटवर गाडीच्या उंचीचा एक ओटा. त्याला उतार आणि कठडा. माणूस ओट्यावर चालत जाईल आणि तिथून सरळ गाडीत पाऊल टाकेल. कुणाला काखेत हात घालून उचलावं लागणार नाही. कोणत्याही गावातला गवंडी चार दिवसांत बांधून देईल.

दोन, गेटवर स्वच्छ संडास, त्यात एक तरी कमोडचा आणि भिंतीला धरायला दांडा. बायका तासन् तास पाणी न पिता फिरतात ही आपल्यासाठी लाजेची गोष्ट आहे.

तीन, पाण्याच्या काठी, जिथं माणसांना जायला परवानगी आहे तिथं, सावलीत पाठ टेकायचे बाक. पन्नास-पन्नास पावलांवर एक. म्हाताऱ्या माणसाला पुढचा बाक दिसला की ते चालतं.

चार, वर्षातून काही दिवस जंगलालगतच्या गावांतल्या म्हाताऱ्यांसाठी आणि शाळेच्या पोरांसाठी राखून ठेवा. आजी आणि नात एकाच गाडीत बसवा. गाईडला वेगळं बोलावंच लागणार नाही.

जंगलाच्या आत सिमेंट ओता असं मी म्हणत नाही, हे कृपया लक्षात घ्या. आत काहीही करू नका. जे करायचं ते दाराशी आणि काठावर. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता येतील अशा करा असं सांगतो. राष्ट्रीय उद्यानाचं गेट ही सार्वजनिक जागाच आहे. ही मागणी मी लेखी करणार आहे. कोणाला सही करायची असेल तर मला सांगा.

आणि तोवर तुम्ही घरच्या माणसाला न्यायचं ठरवलंत, तर आमच्या अनुभवातून थोडं. खोली तळमजल्यावर बघा. दिवसाला दोनच गोष्टी ठरवा, एक सकाळी, एक संध्याकाळी. सफारी एकच करा, आणि पुढची सीट मिळते का ते आधी विचारा, मागे धक्के जास्त बसतात. स्टूल आणि खुर्ची घरून न्या, लाजू नका. एक दुर्बीण उसनी का होईना, पण न्याच. पाखरं पाहायची तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कोअर जंगल पर्यटनाला बंद असतं, ते आधी बघून घ्या. स्थानिक गाईड आणि नाववाल्याशी बोला, घासाघीस करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला नेताय त्याला आधी विचारा, तुला काय पाहायचंय?

मित्राला उत्तर देऊन संपवतो. भाऊ, नवेगावात वाघ आहे, आम्हाला दिसला नाही एवढंच. पण तीन वर्षं दारातल्या खुर्चीवर बसलेली माझी आई मला पुन्हा बोलताना दिसली. गुडघे तसेच आहेत. कालही रात्री तेल चोळलं. तरी परवा संक्रांतीच्या वाणाला ती स्वतःहून तिसऱ्या घरापर्यंत चालत गेली, स्टूल नातीच्या हातात देऊन.

काल मला विचारत होती, "पाण्यापावसात सलंगावरून पाणी जाते, तवा नेशील का?"

गेट तेव्हा बंद असेल, मी सांगितलं.

म्हणाली, "गेटात कोणाले जाचं हाय?"